मंडळीला कधी, काय आणि कसे सांगावे: वादग्रस्त नियमबदलातून जाणाऱ्या पाळकांसाठी आणि कमिटीसाठी

पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले. मंडळीला ते कळले जुलैत, आणि तेही व्हॉट्सॲपवर, शेजारच्या शहरातल्या कुणाच्या तरी भाच्याकडून. मी तेव्हा आमच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. प्रभुभोजनाला सर्वांसाठी एकच प्याला की प्रत्येकाला वेगळी छोटी प्याली, असा त्या पत्रातला प्रश्न होता. वाद होणार हे कमिटीत सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून "योग्य वेळ आली की सांगू" असे ठरवून मी पत्र फाइलला लावून टाकले. जुलैतल्या त्या रविवारी उपासनेनंतर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी माझ्यापाशी आल्या. "प्याल्याचं काय एवढं रे बाळा," त्या म्हणाल्या, "पण चार महिने दर रविवारी तू माझ्याशी हात मिळवत होतास, आणि तुला माहीत होतं."

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. ज्या मंडळ्या याहून कितीतरी मोठ्या वादातून गेल्या, त्यांनी आपल्या लोकांना काय सांगितले, कधी सांगितले आणि काय दडवले, हे वाचत आणि विचारत राहिलो. आपल्याला न पटणारा निर्णय माणसे पुष्कळदा सोसतात. पाळकांना माहीत होते आणि ते गप्प राहिले, हे मात्र सोसत नाहीत. कोणता नियम बदलावा आणि कोणता नाही, यावर या लेखात मी काही म्हणणार नाही. बदल येऊ घातला आहे आणि पत्र तुमच्या हातात आहे, तर पुढे काय करायचे, एवढेच सांगतो.

आधी एक उदाहरण नीट समजून घ्या

अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चचे उदाहरण मी पुन्हा पुन्हा घेणार आहे, कारण यात शिकण्यासारखे सगळे एका जागी सापडते. १९७२ पासून त्यांच्या नियमग्रंथात समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, अशा अर्थाचे वाक्य होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुईसला खास अधिवेशन भरले. तिथे ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी जुनी भूमिका आणखी कडक झाली. त्याच वेळी, या प्रश्नावर सद्सद्विवेकाला पटत नसेल तर स्थानिक मंडळीला मालमत्तेसह बाहेर पडता येईल, अशी तरतूदही झाली. तिची मुदत २०२३ च्या डिसेंबरअखेरपर्यंत होती. त्या मुदतीत अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या बाहेर पडल्या. म्हणजे तिथल्या मंडळ्यांचा साधारण चौथा हिस्सा. मग २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये शार्लट शहरात अधिवेशन झाले आणि समलिंगी व्यक्तींच्या पाळकपदावरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली. १९७२ चे ते वाक्यही गेले.

या आकड्यांमागे हजारो गावांतल्या सभा आहेत. शेजारी बसून गाणी म्हणणारी माणसे एका संध्याकाळी चिठ्ठी टाकून वेगळी झाली. काही ठिकाणी लोक रडले, पण एकमेकांना निरोप देऊन गेले. काही ठिकाणी आजही भाऊ भावाशी बोलत नाही. मत दोन्हीकडे तेच होते. मग फरक कशाने पडला, असा प्रश्न मला पडतो, आणि माझे उत्तर असे आहे की मताच्या आधीचे महिने दोन्हीकडे वेगळे गेले होते.

पायरी १: मूळ मजकूर स्वतः वाचा आणि एक कागद तयार करा

बातमी वाचून मंडळीपुढे उभे राहू नका. ठरावाचा किंवा परिपत्रकाचा मूळ मजकूर मिळवा. इंग्रजीत असेल तर दोघांनी बसून मराठी करा. एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने ताडून पाहायचे, आणि हे दोघे शक्यतो वेगळ्या मतांचे असावेत. मग एका पानाचा कागद करा. त्यावर चारच प्रश्न ठेवा: काय बदलले, काय बदलले नाही, केव्हापासून, आणि आपल्याला लागू आहे का.

शार्लटच्या निर्णयाचा असा कागद करायचा झाला तर "काय बदलले नाही" हा रकानाच सर्वांत मोलाचा ठरतो. कोणत्याही पाळकावर समलिंगी विवाह लावण्याची सक्ती आलेली नाही. लावला म्हणून शिक्षा नाही आणि नाकारला म्हणूनही शिक्षा नाही. नुसती बातमी ऐकणाऱ्याला हे समजत नाही आणि तो "आता आपल्या पाळकांना लावावंच लागणार" असे धरून बसतो. भीती नेहमी या न सांगितलेल्या रकान्यात वाढते.

"आपल्याला लागू आहे का" हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. भारतातले मेथॉडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे. शार्लटला झालेले मतदान मुंबई-पुण्याच्या मेथॉडिस्ट मंडळ्यांना बांधत नाही. तरीही अमेरिकेतल्या नातेवाइकाचा संदेश आला की इकडच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. ज्या पाळकाने पहिल्याच रविवारी दोन वाक्यांत हे स्पष्ट केले, त्याचे पुढचे कितीतरी रविवार सुखात जातील.

कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, आठव्या कलमानुसार सार्वत्रिक कायदा जाहीर झाल्यावर साधारणपणे तीन महिन्यांनी लागू होतो आणि स्थानिक कायदा एका महिन्याने, जर मजकुरातच वेगळे काही म्हटले नसेल तर. हे दिवस लोकांना समजावून सांगण्यासाठीच मिळाले आहेत असे समजा. जुन्या लॅटिन मिस्सावर मर्यादा घालणारा पोप फ्रान्सिस यांचा आदेश १६ जुलै २०२१ ला निघाला आणि त्याच दिवशी लागू झाला. धर्मगुरूंना स्वतः वाचून समजून घ्यायलाही अवधी मिळाला नाही. अशा वेळी पहिल्या रविवारी एवढेच सांगावे: "आदेश आला आहे, मी तो वाचतो आहे, पुढच्या रविवारी मिस्सानंतर बसू."

पायरी २: कुणाला आधी, आणि किती दिवस आधी

कमिटीला आधी कळणारच. मग ज्यांच्या आयुष्याला हा बदल थेट भिडतो, त्यांना कळायला हवे. मग सर्व मंडळीला. हा क्रम ठीक आहे, पण पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत दोन आठवड्यांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. आत माहिती आणि बाहेर कुजबुज असे दोन आठवड्यांहून अधिक चालले की मंडळीत दोन जाती तयार होतात: माहीत असलेले आणि माहीत नसलेले.

मधला टप्पा बहुतेक जण विसरतात. ज्या घरात समलिंगी मुलगा किंवा मुलगी आहे, त्या आईवडिलांनी हा विषय पहिल्यांदा भर सभेत ऐकावा का? पुनर्विवाहाचा नियम बदलत असेल तर घटस्फोट झालेल्या बहिणीने तो सूचना-फलकावर वाचावा का? पाळकांनी त्यांच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि सांगावे की पुढच्या आठवड्यात हा विषय निघणार आहे, काही जण कठोर बोलतील, तुमचे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आणि खरोखरच ते निघू नये. मोकळेपणा नियमाबद्दल असतो. माणसांच्या खासगी गोष्टी त्यात येत नाहीत. हे दोन एकत्र कालवले की विश्वास कायमचा जातो.

पायरी ३: पत्र लिहा

नुसती तोंडी घोषणा पुरत नाही. उपासनेला न आलेले, आजारी, परगावी असलेले सगळे ऐकीव माहितीवर राहतात. पत्र एका पानाचे असावे आणि आजी-आजोबांसाठी काही प्रती मोठ्या अक्षरांत छापाव्यात. नमुना देतो, आपापल्या परीने बदलून घ्या:

"प्रिय मंडळीस, प्रभूच्या नावाने सलाम. दिनांक अमुक रोजी वरिष्ठ कार्यालयाकडून आम्हांला अमुक विषयाचे पत्र मिळाले. त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात तीन गोष्टी ठरल्या आहेत, त्या अशा. पुढील दोन गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत. या विषयावर आपल्यात वेगवेगळी मते आहेत आणि कमिटीतही आहेत. अमुक रविवारी उपासनेनंतर आपण ऐकण्यासाठी बसणार आहोत. त्या दिवशी मतदान होणार नाही. ज्यांना सभेत बोलणे जड जाते, त्यांनी पाळक किंवा सेक्रेटरी यांच्याकडे लेखी द्यावे किंवा घरी बोलवावे."

"कमिटीतही आहेत" हे वाक्य काढू नका. आमच्याकडे एकाने ते खोडायला सांगितले होते, कमिटी एकजूट दिसावी म्हणून. पण सगळ्यांना माहीत असलेले मतभेद झाकले की बाकीचे पत्रही कुणी खरे मानत नाही. "आपण सर्व एकदिलाने" असली वाक्येही टाळा. ज्याचे मन वेगळे आहे, त्याला ते वाक्य बाहेर काढते.

पायरी ४: पाळकांनी स्वतःचे मत सांगावे का?

यावर मी बराच काळ विचार केला आहे आणि पाळकमित्रांशी वादही घातले आहेत. एक मत असे की पाळक सर्वांचा, त्याने बाजू घेऊ नये. दुसरे मत असे की मेंढपाळच गप्प बसला तर मेंढरांनी कुठे पाहायचे.

मला वाटते, सांगावे. पण एकदाच, आणि पुलपिटवरून नव्हे. उपदेशाच्या वेळी कुणाला उलट बोलता येत नाही. तिथून मांडलेले मत देवाच्या वचनाच्या वजनाने येते आणि ऐकणाऱ्याला ते नाकारताना देवाला नाकारल्यासारखे वाटते. म्हणून ऐकण्याच्या सभेत, माहिती सांगून झाल्यावर, लोकांचे बोलून झाल्यावर पाळकांनी उभे राहून म्हणावे: "माझे मत असे आहे, कारण हे आहे. निर्णय काहीही झाला तरी तुमच्या घरी मी येत राहीन."

मतापेक्षाही आधी सांगायची गोष्ट म्हणजे पाळकांचा स्वतःचा यात काय संबंध आहे. युनायटेड मेथॉडिस्ट पद्धतीत पाळकांची नेमणूक बिशप करतात. मंडळी बाहेर पडली तर पाळक कुठे जाणार, हा त्यांच्या घरचाही प्रश्न होता. मे २०२२ मध्ये ग्लोबल मेथॉडिस्ट चर्च हा नवा पंथ उभा राहिला. ज्या पाळकाने तिकडे जाण्याचे मनाशी ठरवले आहे, त्याने ते मतदानाआधी मंडळीला सांगायलाच हवे. मतदानानंतर कळले तर आधीची प्रत्येक प्रार्थना, प्रत्येक भेट लोकांना डाव वाटू लागते. राहायचे ठरवलेल्या पाळकालाही हेच लागू आहे.

पायरी ५: पैसा आणि मालमत्ता उघड मांडा

श्रद्धेच्या वादात हिशेबाचे बोलणे अनेकांना हलके वाटते. म्हणून ते मागे राहते, आणि तिथेच सर्वांत मोठी फसवणूक झाल्याची भावना तयार होते. अमेरिकेतल्या कितीतरी सभासदांना बाहेर पडण्याचा विषय निघेपर्यंत ठाऊकच नव्हते की त्यांच्या आजोबांनी बांधलेली इमारत संपूर्ण पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. बाहेर पडताना मंडळीला कॉन्फरन्सचा, म्हणजे पंथाच्या प्रादेशिक मंडळाचा, थकलेला वाटा, त्यावर आणखी एका वर्षाचा वाटा आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनाच्या दायित्वातला आपला हिस्सा भरावा लागे. काही मंडळ्यांना ती रक्कम झेपणारी होती, काहींना नव्हती. हा आकडा मतदानाच्या आधी सभासदांच्या हातात असायला हवा.

आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात आहे. चर्चची जागा कुणाच्या नावावर आहे, सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर काय लिहिले आहे, विश्वस्त संस्था कोणती, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद कोणती, विश्वस्त बदलले तेव्हा बदल-अर्ज झाला होता का, हे कमिटीतल्या एक-दोघांनाच माहीत असते. वादाचा वारा सुटण्याआधी, शांत काळात, वार्षिक सभेत हे कागद एकदा सर्वांना दाखवा. वाद पेटल्यावर तोच कागद काढला तर तो शस्त्र वाटतो.

आणि दफनभूमी. हा विषय परदेशी मार्गदर्शकांत फारसा दिसत नाही, पण आपल्या मंडळीत पहिला प्रश्न हाच येतो, कधी उघड तर कधी डोळ्यांत पाणी आणून: "माझ्या माणसाशेजारी मला जागा मिळेल ना?" बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरे कुणाकडे राहतील, उतारा कुणाच्या सहीने मिळेल, दफनासाठी कुणाची परवानगी लागेल, याचे उत्तर पत्रात लेखी असू द्या.

पायरी ६: ऐकण्याची सभा वेगळी, मतदानाची वेगळी

दोन्हींत निदान तीन आठवडे असावेत. पहिल्या सभेचे अध्यक्षपद पाळकांनी घेऊ नये. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली व्यक्ती शोधा, निवृत्त मुख्याध्यापिका असेल तर फारच छान. प्रत्येकाला दोन मिनिटे, आणि सगळ्यांचे एकदा बोलून झाल्याशिवाय कुणालाही दुसरी संधी नाही. नाहीतर तेच चार पुरुष बोलतात. बायका आणि तरुण मुले सभा संपल्यावर आवारात बोलतात, आणि ते बोलणे इतिवृत्तात येत नाही. म्हणून आधी पाच-सहा जणांच्या गटांत अर्धा तास बसवा, मग गटातल्या एकाने सांगावे.

विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्या आणि पुढच्या रविवारी उत्तरासह फलकावर लावा. उत्तर नसेल तर तसे लिहा आणि कुणाला विचारले आहे तेही लिहा.

मतदानासाठी सभासदांची यादी तीन आठवडे आधी लावा. दूर गेलेली मुले, वर्गणी थकलेले, दुसऱ्या मंडळीत जाऊनही नाव न काढलेले, यांचे काय, हे वादाच्या दिवशी ठरवू नका. किती मते लागतील, ते अंकांत समजावा. मेथॉडिस्टांच्या त्या तरतुदीत हजर असलेल्या सभासदांपैकी दोन-तृतीयांश मते हवी होती. नव्वद हजर असतील तर साठ. म्हणजे घरी बसलेल्याचे मत मोजलेच जात नव्हते, आणि हे कित्येकांना सभेनंतर उमगले. मतदान चिठ्ठीनेच घ्या. हात वर करायला लावले की सून सासूकडे पाहते.

जिथे मतदानाचा अधिकारच मंडळीकडे नाही, जसे कॅथलिक धर्मग्रामात, तिथेही पहिली सभा हवीच. केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चमध्ये ऑगस्ट २०२१ च्या धर्मसभेने मिस्साची एकसारखी पद्धत ठरवली: पहिला आणि शेवटचा भाग लोकांकडे तोंड करून, मधला वेदीकडे. त्याच चर्चच्या एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतात पुष्कळ धर्मगुरू आणि लोक आपले ऐकून घेतले नाही म्हणून उभे ठाकले. २०२२ च्या अखेरीस तिथले कॅथेड्रल बंद पडले. जून २०२४ मध्ये तर धर्मगुरूंना बहिष्काराचा इशारा देणारे परिपत्रक निघाले. नंतर बसून बोलणे झाले आणि रविवारी-सणांना निदान एक मिस्सा नव्या पद्धतीने, असा मधला मार्ग काढला गेला. कल्याण धर्मप्रांतामुळे मुंबई-पुण्यातली सिरो-मलबार कुटुंबे हा वाद दुरून नव्हे, घरच्या फोनवर ऐकत होती. बसून बोलणे आधी झाले असते तर, असे माझ्या ओळखीतल्या दोघांनी तरी मला म्हटले आहे.

पायरी ७: जे ठरलेले नाही ते ठरले म्हणून सांगू नका

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी शांतपणे विभक्त होण्याचा एक मसुदा जाहीर केला. अनेक मंडळ्यांनी तो झालाच असे धरले. मग कोविड आला, अधिवेशन पुढे ढकलले, पुन्हा ढकलले, अखेर २०२४ वर गेले. दरम्यान २०२२ मध्ये मसुद्यामागच्या काही जणांनी पाठिंबा काढून घेतला. ज्या पाळकांनी "हे होणार आहे" असे सांगितले होते, ते खोटे ठरले. त्यांनी खोटे सांगितले नव्हते, फक्त घाई केली होती.

म्हणून तीन वाक्ये वेगवेगळी ठेवा: "हे ठरले आहे." "हे सुचवले आहे, अमुक ठिकाणी, अमुक महिन्यात ठरेल." "हे मला माहीत आहे, पण आज सांगता येत नाही, कारण असे आहे, आणि अमुक तारखेला सांगेन." तिसरे वाक्य बोलायला धैर्य लागते. पण तारीख दिली की लोक थांबतात. ती तारीख आली आणि सांगण्यासारखे काही नसले, तरी त्या दिवशी उभे राहून तेवढेच सांगा.

पायरी ८: निकालानंतर

आकडे जसेच्या तसे वाचा. "बहुमताने मंजूर" म्हणून थांबू नका. ६१ विरुद्ध २९ असेल तर २९ जणांना आपण किती होतो हे कळू द्या. त्या दिवशी विजयाची प्रार्थना नको, साधी प्रभूची प्रार्थना पुरे.

पहिल्या महिन्यात पाळकांनी ज्या घरांची बाजू हरली, त्यांच्याकडे आधी जावे. कुणी मंडळी सोडायचे ठरवले तर सभासदत्वाचा दाखला अडवू नका, थकबाकीचे निमित्त काढू नका. देताना पाळकांनी स्वतः नेऊन द्यावा. मी एका पाळकांसोबत असा दाखला द्यायला गेलो आहे. त्या बाईंनी तो घेतला आणि देवघरातल्या पवित्र शास्त्रात ठेवला. नाताळला त्या आमच्याकडे गाणी म्हणायला आल्या.

शेवटी फाइल. प्रत्येक पत्र, प्रत्येक प्रश्न, इतिवृत्त, मतमोजणी, सगळे एका ठिकाणी लावा आणि पुढच्या सेक्रेटरीच्या हाती द्या. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता दोन रकाने आखले आहेत: पत्र मिळाल्याची तारीख आणि मंडळीला सांगितल्याची तारीख. ते पान चर्चच्या मागच्या दारापाशी सर्वांना दिसेल असे लावतो. त्या आजी येता-जाता चष्मा लावून पाहतात. आजवर दोन रकान्यांतले सर्वांत मोठे अंतर नऊ दिवसांचे आहे.